दवाखान्याच्या पलीकडचं कोल्हापूर

मलकापूर, आंबा, बांबवडे या पट्ट्यातल्या माणसांना कोल्हापूर नवं नसतं. मलकापुरातून एसटीत बसलं की जेमतेम ४५ किलोमीटर. पण आपण तिथं जातो ते कामालाच. कोर्टाची तारीख, पोरांचा दाखला, लग्नाचा बस्ता आणि सगळ्यात जास्त दवाखाना. तीन दिवस नुसतं राहून यावं, निवांत बसावं असं आपल्या घरांत सहसा कुणी बोलत नाही. घरात मयत झालेली असेल तर मुळीच नाही.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली मलकापूरची, धाकटी रत्नागिरीला दिलेली. थोरलीच्या मालकांचं डायलिसिस दोन वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा सकाळची गाडी, हातात डबा आणि फाईल, रात्री परत. त्यांचा इंतकाल झाला. इद्दतचे चार महिने दहा दिवस गेले. येणारी-जाणारी माणसं हळूहळू कमी झाली आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. पहाटे साडेतीनला थोरलीला जाग यायची, कारण ती डबा भरायची वेळ होती. आता डबा नव्हता, जाग मात्र होती. तहज्जुद पढायची, तरी उजाडायला वेळ उरायचा.

धाकटीनं फोनवर कोल्हापूरचं नाव काढलं तेव्हा घरात कुजबूज झालीच. ‘एवढ्यात फिरायला? लोक काय म्हणतील?’ आता दीन काय सांगतो ते बघा. नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा सोग तीन दिवसांपेक्षा जास्त पाळायचा नाही आणि बेवेची इद्दत संपली की तिच्यावरची बंधनंही संपली. बाकीची जी बेडी आहे ती आपल्या रिवाजानं घातलेली. मोहल्ल्यातल्या बायकाच ती जास्त घट्ट करतात, हे आम्ही बायका म्हणूनच बोलतो.

आम्हाला आठवण झाली ती हजरत आयेशा (रजि.) यांची. हिजरी १० मध्ये आखरी हजच्या वेळी त्यांचा उमरा राहून गेला, त्या फार हिरमुसल्या. हुजूर (स.) यांनी ‘असू दे’ म्हणून विषय संपवला नाही. त्यांच्या भावाला, हजरत अब्दुर्रहमान (रजि.) यांना, सांगितलं की बहिणीला तनईमला घेऊन जा. तिथून एहराम बांधून त्यांनी उमरा केला. कष्टी बहिणीला भावानं सोबत करून नेणं, तेही एवढ्या गर्दीच्या, थकव्याच्या दिवसांत! आमच्या भावाला हे ऐकवलं, तो गप्प झाला. त्याला दुकान सोडता येत नव्हतं. मग थोरलीचा मुलगा सोबत आला. तो एकीचा लेक, दुसरीचा भाचा, म्हणजे दोघींना महरम.

दुसरी हरकत होती ती दिवसांची. १४ जुलै २०२४ ला आमच्याच शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात, जमावानं मुसलमानांची घरं आणि मस्जिद फोडली. तेव्हापासून नकाब घालून गाडीत बसताना घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो, हे खोटं कशाला सांगायचं? आम्ही नकाबातच गेलो. बांबवड्याला एक आजी चढल्या, आमच्याशेजारी टेकल्या आणि पदराच्या गाठीतले शेंगदाणे देत ‘कुणाचा दवाखाना?’ असं विचारलं. म्हणजे त्यांचंही कोल्हापूर तेच! भाड्याचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

उतरायचं कुठं हे आधीच ठरवलं होतं. नातेवाइकांकडे नाही. शहरात आपली माणसं आहेत, मायेची आहेत. पण तिथं गेलं की पुन्हा तीच हकीकत पहिल्यापासून सांगा आणि वर चपात्यांना हात लावा. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या लॉजवर खोली घेतली. आधार कार्ड दाखवलं, खोली मिळाली, भाचा परत गेला. नमाजची गंमत झाली. धाकटी रत्नागिरीची, म्हणून मुसाफिर, तिची कसर. थोरलीला मलकापूरहून अंतर पुरत नाही, तिची पुरी. धाकटी दोन रकात पढून चहा मागवायची, तोवर थोरली चौथ्या रकातीला.

पहिल्याच सकाळी गेलो सीपीआर समोरच्या टाउन हॉलमध्ये. दवाखान्याच्या दारात दोन वर्षं काढलेल्या थोरलीनं हा रस्ता कधी ओलांडलाच नव्हता. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात सापडलेल्या वस्तू आहेत, त्यांत समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे. दोन हजार वर्षांमागे रोमशी चाललेल्या व्यापाराची ती खूण. पण आम्ही थांबलो आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढे. कोल्हापूरचा हा मुसलमान चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला, शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा चित्रकार नेमलं. तळ्याकाठी, फकिरासारखं राहून ते निसर्ग रंगवत राहिले आणि १९३१ मध्ये वारले. पाणी, झाडं, धुकं. थोरली तिथं बराच वेळ उभी होती. मग बाहेर बागेत बसलो. समोर दवाखान्याची गर्दी दिसत होती, डबे, फाईली, सगळं. ती तिथं रडली. इतके महिने घरात माणसांसमोर रडली होती, हे रडणं वेगळं होतं. धाकटीनं काही समजावलं नाही.

दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, तेही पाहिलं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून दिली, त्यातलं हे वसतिगृह. बाकी मोठे बेत केले नाहीत. न्यू पॅलेस राहिला, राहू दे. दोन्ही संध्याकाळी रंकाळ्याच्या दगडी काठावर भेळ खाल्ली, मगरिब खोलीवर येऊन पढलो. मिसळीत गोश्ताचा प्रश्न नाही, म्हणून नाश्ता तोच. तांबडा-पांढरा मात्र हलाल आहे का विचारूनच; विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत थोरलीनं चपला घेतल्या. दुकानदारानं ‘कुणासाठी?’ विचारलं. दोन वर्षांत स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू. करकर वाजणारी घेतली, म्हणाली, सुनेला कळेल तरी सासू कुठं आहे ते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर ‘कधी जायचं?’ असं विचारू नका. ती ‘बघू’ म्हणेल. तिकीट काढा, तीन दिवसांचं जेवण कोण बघणार ते सुनेशी, लेकीशी ठरवा आणि तारीख सांगा. सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.

आता मिरजेचं चाललंय. मीरासाहेबांचा दर्गा आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथं आहे. भाऊ म्हणतो, या वेळी दुकान बंद ठेवतो, मीच नेतो. आम्ही त्याला अजून हो म्हटलेलं नाही.