विशेषण खोडा, माहिती लिहा

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं बरीच आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, वर्धा जिल्ह्यात १९४२ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांची आष्टी आहे, गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात एक आष्टी आहे, आणि जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातली आपली आष्टी. इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने घरच्या तूरडाळीच्या पाकिटावर नुसतं ‘आष्टी’ छापलं, तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला डाळ आवडूनही ती पुन्हा कुठून मागवायची ते कळणार नाही. ‘मु. पो. आष्टी, ता. परतूर, जि. जालना’ आणि पुढे सहा आकडी पिन कोड लिहिला की प्रश्न मिटला. सारख्या नावांच्या गावांमुळे पत्रं भलतीकडे जात, हे पिन कोड सुरू होण्यामागचं एक मोठं कारण होतं. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते.

व्यवसायासाठी लिहिण्याचा पहिला धडा या पत्त्यातच आहे. आपल्याला जे ठाऊक असतं ते वाचणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते सांगितल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही.

बी.कॉम., बीबीए किंवा कृषी शाखेच्या मुलांना आता हे लेखन टाळता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलं आहे. दुकानाचं पत्रक, बचत गटाच्या पापडाचं लेबल, व्हॉट्सॲपवरची जाहिरात, बँकेसाठी प्रकल्प अहवाल असं काही ना काही लिहावं लागतं. मग कागदावर ठरलेली वाक्यं उतरतात: उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा, एकदा अवश्य भेट द्या. ही वाक्यं कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही दुकानाच्या पाटीवर चालतील. जी ओळ कुणालाही चालते, ती तुमच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही.

घरातलेच दोन नमुने

चांगलं व्यावसायिक लेखन शिकायला लांब जायची गरज नाही. मोंढ्यात माल घातल्यावर मिळालेल्या पट्ट्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात जपून ठेवलेल्या असतात. त्यातली एक काढा आणि नीट वाचा. शेतकऱ्याचं नाव, मालाचं नाव, पोती, वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, शेवटी हाती आलेली रक्कम. संपूर्ण कागदावर एकही विशेषण नाही. तरीही वर्षाचं गणित त्या कागदावर ठरतं, कारण वाचणाऱ्याला हवी असलेली प्रत्येक गोष्ट तिच्या जागी आहे.

दुसरा नमुना म्हणजे बियाण्याची पिशवी. जालना हे बियाण्यांचं शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी सुरू केली. त्याआधी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्यापासून त्यांच्या कामाला सुरुवात झाली होती. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं हा विकायला अवघड माल आहे. दाणा हातात घेऊन तो उगवेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणून तिथे शब्दाला आणि आकड्याला फार महत्त्व. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार पिशवीच्या लेबलवर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणक्षमता, भौतिक शुद्धता आणि चाचणीची तारीख लिहावी लागते. सोयाबीनची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी लागते. त्या एका आकड्यावर शेतकरी एकरी किती बियाणं पेरायचं ते ठरवतो.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. अशा वेळी पिशवी, तिचं लेबल आणि खरेदीची पावती हाच शेतकऱ्याचा पुरावा असतो. मालावर लिहिलेलं वाक्य ही जबाबदारी असते, हे विद्यार्थ्याने इथूनच शिकावं. जे निभावता येईल तेच लिहावं.

नांगर विकणारं मासिक

महाराष्ट्रात लेखनाच्या बळावर माल पोचवण्याचं मोठं उदाहरण किर्लोस्करांचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबरबात सांगणारं ते पत्र हळूहळू वाचकांच्या इतर आवडीच्या विषयांकडे वळलं आणि पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घरांत पोचलं. त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं.

यातून विद्यार्थ्याने घ्यायचं ते इतकंच: गिऱ्हाइकाच्या मनात जी शंका आहे तिच्यापासून लिहायला सुरुवात करा. ज्याला नांगराने जमीन नासेल अशी भीती वाटते, त्याला नांगराच्या चकाकीचं वर्णन ऐकवून उपयोग नाही. आज तूरडाळ घेणाऱ्याची शंका असते पॉलिशची, मिरची पूड घेणाऱ्याची रंगाची, तूप घेणाऱ्याची भेसळीची. त्या शंकेला पहिल्या ओळीत उत्तर द्या.

एक पत्रक, दोन प्रकारे

समजा, पत्रकात असं लिहिलं आहे: ‘आमच्याकडे अस्सल, उत्तम प्रतीची तूरडाळ माफक दरात मिळेल. एकदा अवश्य भेट द्या.’

आता हे वाचा: ‘स्वतःच्या शेतातल्या, जानेवारीत काढलेल्या तुरीची डाळ. पॉलिश केलेली नाही. १ किलो आणि ५ किलोच्या पिशव्या. परतूर तालुक्यात घरपोच, बाहेरगावी पोस्टाने. रविवारपर्यंत मागणी नोंदवा, मंगळवारी माल निघेल.’

दुसऱ्या मजकुरात ‘उत्तम’ हा शब्द नाही. पण तूर कुणाची, कधीची, डाळ कशी केली, किती वजनात मिळते, कशी पोचते आणि कधी, या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्यात भाव घाला आणि फोन नंबर घाला. भाव लिहायला पुष्कळजण कचरतात. पण भाव नसला की गिऱ्हाइकाला फोन करून विचारावं लागतं, आणि बरेचजण फोन करतच नाहीत.

मोसंबीचंही तेच. बागेचा देखणा फोटो टाकून खाली ‘गोड, रसाळ मोसंबी’ लिहिणारी मुलं खूप दिसतात. हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या व्यापाऱ्याला विचारायचं असतं वेगळंच: आंबिया बहार की मृग बहार, माल अंदाजे किती टन, तोडणी कधी, गाडी बागेपर्यंत येते का. या चार ओळी फोटोखाली लिहिल्या तर बोलणं थेट भावावर येतं.

कायदा काय म्हणतो

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ही जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय खोक्यावर ते मानांकन वापरता येत नाही. असे नियम माहीत असणं हाही लेखनकौशल्याचा भाग आहे.

पाकीटबंद मालासाठी २०११ चे नियम आहेत. उत्पादकाचं नाव आणि पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापलंच पाहिजे. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवा, आणि माल शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ.

जाहिरातीतला दावा हा त्याहून नाजूक विषय. ‘जांभूळ पावडर: मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहिण्याचा मोह होतो, कारण तसं लिहिलेलं सगळीकडे दिसतं. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्यानुसार अशी जाहिरात करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ती ओळ वाचून एखादा आजारी माणूस डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू शकतो. विद्यार्थ्याच्या हातून अशी ओळ लिहिली जाऊ नये.

बँकेला लिहिताना

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. त्यासाठी अर्ज करणारे विद्यार्थी प्रकल्प अहवाल ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरू करतात. बँकेच्या अधिकाऱ्याला ते माहीत असतं. त्याला बघायचं असतं की यंत्र किती रुपयांचं आहे आणि त्याचं दरपत्रक जोडलंय का, महिन्याला कच्चा माल किती लागेल, विक्री कुठे होईल, आणि सगळा खर्च जाऊन हप्ता भरायला काय उरेल.

‘बाजारात मोठी मागणी आहे’ या वाक्याने कुणाची खात्री पटत नाही. ‘गावातली चार किराणा दुकानं आणि दोन खानावळी यांना आठवड्याला लागणारी डाळ विचारून घेतली आहे; तक्ता जोडला आहे’ या वाक्याने पटते. असं वाक्य लिहायचं तर आधी त्या दुकानांत जाऊन विचारावं लागतं. व्यावसायिक लेखनाचं निम्मं काम पेन उचलण्याआधी, पायांनी होतं. संगणकाकडून मजकूर लिहून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. त्याला भाषा येते, पण तुमच्या गावातल्या खानावळीला आठवड्याला किती डाळ लागते हे त्याला तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल.

थोडक्यात आणि एकसारखं

लहान लिहिण्याला मराठीत एक व्यावहारिक कारणही आहे. इंग्रजी अक्षरांतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७० चा. त्यात काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजला जातो. एकट्या ‘नमस्कार’ला सात जागा लागतात. एक संदेश दोनचा झाला की खर्चही दुप्पट. म्हणून मुद्दा आधी, नमस्कार-चमत्कार नंतर.

परतूरच्या शेजारी घनसावंगी तालुका आहे. तिथलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर कसं असावं, ओळी आणि पानाच्या कडेची मोकळी जागा कशी राखावी, ग्रंथाच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत अक्षर एकसारखं कसं ठेवावं, याचा विचार तिथे केला आहे. पोथीसाठी सांगितलेली ही शिस्त पावतीलाही लागू पडते. पाटीवर एक भाव, व्हॉट्सॲपवर दुसरा आणि बिलावर तिसरा दिसला, की गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं.

महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. वाणिज्यपत्राचा ठरलेला नमुना पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला गावातला एक खरा व्यवसाय द्या: रसवंती, पिठाची गिरणी, रोपवाटिका, बचत गट, कृषी सेवा केंद्र. त्याच्यासाठी एक पानाचा मजकूर लिहून घ्या, आणि गुण देण्याआधी तो मजकूर तिथल्याच एका गिऱ्हाइकाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर गिऱ्हाइकाने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मजकुरात घालून तो पुन्हा लिहायला सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या भागातली डाळ, मोसंबी, ज्वारी तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. कुठल्याही मोठ्या शहरातल्या जाहिरातवाल्यापेक्षा तुम्हाला ती जास्त कळते. जे कळतं ते खरं, नेमकं आणि पूर्ण पत्त्यासह लिहा. तुमच्या घरचा माल त्याशिवाय परगावच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचणार नाही.