एका मायक्रॉनवर चालणारी गाडी

गाडी हायवेवर शंभरच्या वेगानं पळत असते, तेव्हा तिच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतो. मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टनवर टनावारी जोर येतो आणि तो सगळा कनेक्टिंग रॉडमधून खाली या शाफ्टवर उतरतो. तरीही दोन धातूंच्या मध्ये तेलाचा एक थर टिकून राहतो. जोर सर्वांत जास्त असतो त्या क्षणी हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा उरतो. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’, ‘०डब्ल्यू-२०’ असं जे छापलेलं असतं, ते या थराबद्दलच असतं.

हा थर इतका भार पेलतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १८८३च्या सुमारास बोशॅम्प टॉवर नावाचा इंग्लिश इंजिनिअर रेल्वेच्या डब्यांच्या आसांसाठी बेअरिंगचे प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग. तेल घालण्यासाठी त्यानं बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर यायला लागलं. त्यानं बूच लावलं, ते बाहेर ढकललं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी तिथं दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास होता, पण काटा दोनशेच्या पार गेला. पितळ आणि लोखंड एकमेकांना शिवतच नव्हते. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून वर घेत होता आणि त्याच तेलावर बेअरिंग उचललं जात होतं.

यामागचं गणित १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं मांडलं. शाफ्ट बेअरिंगच्या अगदी मध्यभागी राहत नाही, किंचित एका अंगाला सरकतो. त्यामुळे तेलाची वाट एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. फिरणारा पृष्ठभाग चिकटलेलं तेल ओढत या निमुळत्या वाटेत कोंबतो, तेलाला पळायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून भरधाव गाडी गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, तेही याच न्यायानं. तिथे ते जिवावर बेततं, इंजिनात मात्र गाडीचं सगळं आयुष्य त्यावर उभं असतं.

थर टिकायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वेग, भार आणि तेलाचा दाटपणा. पहिल्या दोन आपल्या चालवण्यावर ठरतात, तिसरी आपण डब्यातून विकत घेतो. फार पातळ तेल असेल तर थर फाटतो आणि धातूला धातू घासतो. फार दाट असेल तर ते तेल घुसळण्यातच ताकद जाते, पेट्रोल जास्त लागतं आणि अरुंद वाटांतून ते वेळेवर पोचत नाही. घर्षण कमीत कमी असण्याची जागा या दोहोंच्या मध्ये असते. जर्मनीच्या रिचर्ड स्ट्रिबेकनं १९०२मध्ये हा चढउतार प्रयोगांनी दाखवला आणि आजही इंजिन बांधणारे त्याचाच आलेख समोर ठेवून बसतात.

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेनं १९११पासून तेलांच्या या प्रती ठरवल्या. डॅशनंतरचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सियसला ‘२०’ प्रतीचं तेल ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) भरतं, ‘३०’ प्रतीचं ९.३ ते १२.५, ‘४०’चं १२.५ ते १६.३. साधं पाणी खोलीच्या तापमानाला एक सेंटीस्टोक भरतं. म्हणजे इंजिनात तापलेलं तेल आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ पातळ असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा हिवाळ्याचा: ‘०डब्ल्यू’ तेलाची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ‘५डब्ल्यू’ची उणे ३०ला, ‘२०डब्ल्यू’ची उणे १५ला.

इथेच आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप येतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, आपल्याकडे कुठला आलाय बर्फ? चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे पाण्यासारखं ऑइल टिकणार नाही, दाट घाला.’ आपलेपणानं दिलेला सल्ला असतो आणि जुन्या गाड्यांच्या अनुभवातून आलेला असतो. पण चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेला, तरी इंजिनाच्या लेखी ती थंडीच. थर्मोस्टॅट कूलंट ९० अंशांच्या आसपास ठेवतो आणि तेल शंभरीच्या घरात चालतं, मग बाहेर नाशिकचा जानेवारी असो की विदर्भाचा मे. बंद इंजिनातलं ०डब्ल्यू-२० तेल ४० अंशांना चाळीस-पंचेचाळीस सेंटीस्टोक असतं, म्हणजे कामाच्या वेळी हवं त्याच्या जवळपास पाचपट दाट. तिथे २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर जातं. नव्या इंजिनाची जी वाट पातळ तेलासाठी कोरलेली आहे, तिच्यातून हे रोज सकाळी ढकलायचं.

एकच तेल थंडीत फार दाट होऊ नये आणि तापल्यावर फार पातळही होऊ नये, हे जमतं कसं? मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. तेल तापलं की पातळ होणारच, पण सगळी तेलं सारखी होत नाहीत. १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी यासाठी मोजपट्टी केली. पेन्सिल्व्हेनियाच्या कच्च्या तेलापासून केलेलं वंगण तापमानाला सगळ्यात कमी दाद देई, त्याला १०० गुण. गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. आजची सिंथेटिक तेलं शंभराच्या बरीच पुढे गेली आहेत. उरलेलं काम पॉलिमर करतात. या लांबलचक साखळ्या थंड तेलात वेटोळं घालून पडून राहतात आणि तेल तापलं की उलगडून पसरतात. तेलाला पातळ व्हायचं असतं तेव्हाच त्या त्याच्या वाटेत आडव्या येतात.

पण बेअरिंगमधल्या त्या मायक्रॉनभर जागेत शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला सात-आठ मीटर वेगानं सरकत असतो. इतक्या ओढाताणीत साखळ्या प्रवाहाच्या दिशेनं सरळ होतात, तेल तेवढ्यापुरतं पातळ होतं, आणि लांब साखळ्या कायमच्या तुटतातही. म्हणून १५० अंशांना, असाच ताण देऊन वेगळी चाचणी घेतात. ‘२०’ला तिथे किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ‘३०’ला २.९. खरी परीक्षा ही. भरलेली गाडी कसारा घाटात खालच्या गिअरवर चढते तेव्हा तेल शंभरीच्या बरंच वर तापतं, आणि तेव्हा इंजिन याच आकड्यावर तगतं.

मग घालायचं कोणतं? मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. अनेक गाड्यांच्या ऑइलच्या झाकणावरही ते कोरलेलं असतं. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबानं बदलणारी यंत्रणा, हे सगळं त्या प्रतीच्या हिशोबानं बांधलेलं असतं. मॅन्युअलनं दोन-तीन प्रती चालतील म्हटलं असेल, तर नेहमी घाट, ओझं आणि लांब पल्ला असणाऱ्यानं त्यातली जाड निवडावी, शहरातल्या छोट्या फेऱ्यांना पातळ. जुन्या, सैल झालेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० अजूनही शोभतं. पण गाडी ऑइल खायला लागली म्हणून नुसतं दाट तेल ओतलं, तर रिंगा झिजलेल्याच राहतात, फक्त धूर कमी दिसतो. बीएस-६ डिझेल गाडीत तर प्रत जुळूनही भागत नाही. काजळी अडवणाऱ्या डीपीएफला कमी राख सोडणारं तेल लागतं, ते डब्यावर वेगळं पाहावं लागतं.

तेल पातळ करण्याची ही वाटचाल अजून थांबलेली नाही. जपानमध्ये हायब्रिड गाड्यांसाठी ०डब्ल्यू-८ प्रतीचं तेल आलं आहे. हायब्रिड इंजिन प्रवासात अनेकदा बंद होतं आणि सुरू होतं. शाफ्ट थांबला की तो तेल ओढत नाही, थर खचतो आणि शाफ्ट बेअरिंगवर येऊन बसतो; पुन्हा उचलला जाईपर्यंतचे पहिले काही फेरे घासतच जातात. म्हणून अशा इंजिनांच्या बेअरिंगवर आता पॉलिमरचा लेप चढवतात. सिग्नलमागून सिग्नल तो थर पुन्हा पुन्हा मोडावा आणि पुन्हा पुन्हा उभा राहावा, याची तयारी तिथे धातूच्या अंगावरच करून ठेवलेली असते.