नाशिकच्या तुरुंगातले दोन मित्र

सविनय कायदेभंगात पकडलेले काही तरुण १९३२-३३च्या सुमारास नाशिक रोडच्या तुरुंगात एकत्र आले. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, नानासाहेब गोरे. त्यांच्या तिथल्या चर्चांतूनच काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पुढे आली आणि १९३४ मध्ये पक्ष उभा राहिला. जयप्रकाश सरचिटणीस झाले, मसानी सहचिटणीस. पंचवीस वर्षांनी याच मसानींनी राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) बरोबरीने ‘स्वतंत्र पक्ष’ काढला. खासगी मालमत्तेला संरक्षण, उद्योगाला मोकळीक आणि सरकारी लुडबुडीला विरोध, हा त्याचा गाभा.

मसानींनी पक्ष बदलला, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही.

भांडवलशाही की समाजवाद, या वादात दोन्ही बाजूंनी विकासदर, कर, अनुदानं यांचे आकडे मांडले जातात. ते मांडलेच पाहिजेत. पण आकड्यांच्या आधी प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट ठाण मांडून बसलेली असते: कोणता अन्याय आपल्याला मुळीच सोसवत नाही? एकाला उपाशी माणसाची लाचारी बघवत नाही, तर दुसऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दाबणारा हात. दोघांचाही जीव माणसासाठीच तुटत असतो.

जयप्रकाश १९२२ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले, तेव्हा पैशाची चणचण होती. फळबागांत राबून, हॉटेलांत भांडी घासून त्यांनी शिक्षण पुरं केलं आणि विस्कॉन्सिनमध्ये ते मार्क्सवादी झाले. समतेची ओढ त्यांच्या हातांनी कमावलेली होती. मसानींचं घर वेगळं. वडील सर रुस्तम मसानी मुंबईचे महापालिका आयुक्त होते आणि मिनू स्वतः लंडनला शिकलेले बॅरिस्टर. घरात काही कमी नसताना ते समाजवादी झाले, कारण त्यांच्या लेखी समाजवाद म्हणजे माणसाची मुक्ती. १९२७ आणि १९३५ मध्ये ते सोव्हिएत रशिया पाहून आले. पुढे १९३६ पासून मॉस्कोत खटले चालू झाले. क्रांतीचे जुने शिलेदार कोर्टात उभे राहून स्वतःवरचे अविश्वसनीय आरोप कबूल करू लागले, आणि त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मसानींचा विश्वास उडाला. १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला.

कारखाना, जमीन, छापखाना आणि नोकरी हे सगळं एकाच सत्तेच्या हाती गेलं, तर विरोध करणाऱ्याने पोट कुठे भरायचं? हा प्रश्न मसानींनी सोडला नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याच्या जमिनीवर त्याचा हक्क उरणार की नाही, अशी धास्ती निर्माण झाली आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्माला आला. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला.

जयप्रकाशही मार्क्सवादाजवळ थांबले नाहीत. माणसाने चांगलं का वागावं, याचं उत्तर भौतिकवादात सापडत नाही, असं त्यांनी १९५२ मध्ये लिहिलं. तो लेख छापून आला ‘फ्रीडम फर्स्ट’मध्ये, म्हणजे मसानींनीच उभ्या केलेल्या मासिकात! १९५४ मध्ये जयप्रकाशांनी भूदान चळवळीसाठी ‘जीवनदान’ दिलं, म्हणजे आयुष्य वाहून घेतलं. समता हवीच, पण ती सरकारी हुकमाने लादलेली नको, लोकांच्या मनातून आलेली हवी, असं त्यांना वाटू लागलं होतं. इथे ते मसानींच्या बरेच जवळ आले होते. तरी एक फरक राहिलाच. मसानींना माणसाची मालकी हा त्याच्या स्वातंत्र्याचा आधार वाटे. जयप्रकाश त्याच माणसाला जमीन दान करायला सांगत होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि जयप्रकाशांना अटक झाली. प्रकृती ढासळल्यावर नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली आणि उपचारांसाठी त्यांना मुंबईत जसलोक रुग्णालयात आणलं गेलं; तिथे मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं. त्याच सुमारास त्याच शहरातल्या उच्च न्यायालयात मसानी सेन्सॉरशी झुंजत होते. ‘फ्रीडम फर्स्ट’मधला मजकूर छापायला सेन्सॉरने मनाई केली होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने मसानींच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा नाशिकच्या तुरुंगातले त्यांचे मित्र डायलिसिसवर होते.