‘एमसीव्हीसी’ म्हणजे काय?
किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम. अकरावी-बारावीची चौथी शाखा, १९८८च्या केंद्रीय योजनेतून आलेली. १९९५पर्यंत उच्च माध्यमिकची २५ टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची, असं १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचं लक्ष्य होतं. मुलं वळली नाहीत. ‘दहावीला कमी पडले का?’ हा प्रश्न ऐकायला कोण तयार? पुढे नाव ‘एचएससी व्होकेशनल’ झालं. आता हे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करून आयटीआयकडे वळवले जात आहेत. पुण्यातल्या धायरी-नऱ्ह्याच्या लेथवाल्याला तसाही व्हर्नियर अचूक वाचणारा पोरगा हवा असतो, शाखेचं नाव नव्हे. दोन्हींतला फरक गुणपत्रिकेत आहे: व्होकेशनलला थेट बारावीची मिळे, दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय करणाऱ्याला बारावीच्या समकक्षतेसाठी भाषांचे पेपर वेगळे द्यावे लागतात.