पैशाचा घोर आणि पन्नाशीचा मेंदू

कागदाच्या माथ्यावर १ ते ९ हे अंक एका ओळीत छापलेले असतात आणि प्रत्येक अंकाखाली त्याची एक खूण असते. कुणाखाली आडवी रेघ, कुणाखाली फुली, कुणाखाली गणितातलं बरोबरचं चिन्ह. त्याखाली पानभर अंकांच्या रांगा, पण खुणांचे चौकोन रिकामे. हातात पेन्सिल घ्यायची आणि दोन मिनिटांत जमतील तितके चौकोन भरायचे. ७ दिसला की नजर वर जाते, खूण टिपते, खाली येते आणि हात ती काढतो. थोड्या वेळात काही जोड्या पाठ होतात आणि नजरेच्या फेऱ्या कमी होतात. लक्ष, नजर, हात आणि नुकतंच पाहिलेलं धरून ठेवणारी स्मृती हे सगळं एकदम कामाला लागतं. मेंदू किती झपाट्याने काम करतो हे मोजायला संशोधक आजही या साध्या कागदाकडे वळतात.

२०१० साली अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतल्या हजारो लोकांनी ही चाचणी दिली. त्यांचं सरासरी वय होतं ५०. विसराळूपणाची धास्ती घ्यावी असं हे वय नव्हे. माणूस कामात मुरलेला असतो, मुलं मोठी होत असतात, घरादाराचे निर्णय त्याच्याच डोक्यावर असतात. पण त्या कागदांवरच्या गुणांत एक फरक दिसला आणि तो कळल्यापासून मी थक्क आहे. ज्यांची त्याआधीची पंचवीस वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली होती, त्यांच्या पेन्सिली मागे पडल्या होत्या. ओढाताण जितकी लांबलेली, तितके गुण कमी. पंधरा शब्द ऐकून काही वेळाने आठवण्याच्या चाचणीत आणि मोह आवरून योग्य तेच उत्तर देण्याच्या चाचणीतही चित्र तसंच होतं, फक्त वेगाच्या बाबतीत ते सगळ्यांत ठळक होतं.

हा अभ्यास मुळात मेंदूचा नव्हताच. 'कार्डिया' नावाचा हा प्रकल्प १९८५-८६ मध्ये सुरू झाला तो हृदयविकाराची बीजं तरुणपणात कशी पडतात हे पाहण्यासाठी. १८ ते ३० वयाची ५,११५ कृष्णवर्णीय आणि गोरी माणसं त्यात घेतली आणि ठरावीक वर्षांनी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं. रक्तदाब मोजला, रक्त तपासलं आणि वेळोवेळी घरातलं उत्पन्नही विचारून ठेवलं. १९८५ ते २०१० या काळात उत्पन्नाच्या अशा सहा नोंदी झाल्या. अदिना झेकी अल हाझूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी आणि पन्नाशीतल्या मेंदूच्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या. हृदयासाठी पंचवीस वर्षं जपलेल्या वहीत मेंदूची गोष्ट आपोआप लिहिली गेली होती.

इथे गरिबीची व्याख्याही लक्षात घ्यायला हवी. सरकारी दारिद्र्यरेषेच्या दुपटीहून कमी उत्पन्न असलेलं घर त्यांनी अडचणीतलं धरलं. म्हणजे हे लोक फक्त कंगाल नव्हते. नोकरी असलेली, घर चालवणारी, पण महिनाअखेरीस तोंडमिळवणी करताना मेटाकुटीला येणारी माणसंही त्यात होती.

आता कोणाच्याही मनात पहिली शंका येईल ती ही, की गाडी उलटी तर जोडली जात नाही ना? मेंदूचा वेग मुळातच कमी म्हणून चांगली नोकरी मिळाली नाही आणि म्हणून पैसा कमी, असं नसेल कशावरून? ही शंका संशोधकांनाही आली. त्यांनी फक्त उच्चशिक्षित लोक वेगळे काढून हिशेब पुन्हा मांडला. नातं तसंच राहिलं. यातून अडचणीनेच मेंदू मंदावला हे पुरतं सिद्ध होत नाही, कारण अशा निरीक्षणातून कार्यकारणाचा शेवटचा शब्द मिळत नाही. पण उलट्या गाडीचा संशय बराच दुबळा होतो.

याच लोकांवरचा दुसरा अभ्यास २०१९ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. लेस्ली ग्रासे आणि सहकाऱ्यांनी १९९० ते २०१० या वीस वर्षांत कुणाचं उत्पन्न किती हेलकावलं ते पाहिलं. आधीच्या नोंदीपेक्षा एक चतुर्थांश किंवा त्याहून जास्त घसरण म्हणजे एक फटका. ३,२८७ जणांपैकी १,७८० जणांना असा फटका कधीच बसला नव्हता, १,१०८ जणांना एकदा बसला होता आणि ३९९ जणांना दोन किंवा अधिक वेळा. ज्यांना जास्त फटके बसले त्यांचा विचारांचा वेग आणि कामं आखण्या-उरकण्याची क्षमता कमी भरली. या अभ्यासातल्या ७०७ जणांचे एमआरआय काढले होते. दोन वा अधिक फटके बसलेल्यांच्या मेंदूचं एकूण आकारमान कमी दिसलं, आणि एक फटका बसलेल्यांच्याही मेंदूच्या भागांना एकमेकांशी जोडणारे तंतू तितके भक्कम दिसले नाहीत. कंपनी बंद पडली, कामाचे तास कमी झाले, संसार मोडला, तर त्याची खूण बँकेच्या पासबुकात दिसते हे आपण जाणतो. ती कवटीच्या आतही दिसावी, आणि यंत्राला दिसावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मग पैशाची चणचण मेंदूपर्यंत पोचते तरी कशी? याचा एक धागा तमिळनाडूतल्या उसाच्या फडात सापडतो. विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांतल्या ४६४ छोट्या ऊस उत्पादकांचा अभ्यास आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी केला आणि २०१३ मध्ये तो 'सायन्स'मध्ये छापून आला. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी नडलेला असतो आणि पैसे हाती आल्यावर सुटलेला. तोडणीच्या आधी यांतल्या ७८ टक्के लोकांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, नंतर ते प्रमाण ४ टक्क्यांवर आलं. दोन माणसांची तुलना करण्यात नेहमी खोट निघते; इथे एका माणसाची तुलना त्याच्याशीच होत होती.

चाचणी अशी होती. समोर '५ ५ ५' असं लिहिलेलं आणि अंक किती आहेत ते झटकन सांगायचं. उत्तर तीन. पण जिभेवर येतो पाच, आणि तो गिळून तीन म्हणायला मनावर ताबा लागतो. हा सगळा संच पुरा करायला शेतकऱ्यांना पैसे मिळाल्यानंतर सरासरी १३१ सेकंद लागले, पैसे मिळण्याआधी १४६. चुकाही आधी जास्त झाल्या. आकृत्यांची कोडी सोडवण्यात आधी सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, नंतर ५.४५. दुसऱ्यांदा सोडवताना सरावाने सुधारणा झाली असेल, ही शक्यता तपासायला काही शेतकऱ्यांची पहिली चाचणीच तोडणीनंतर घेतली होती. फरक तरीही उरला. अन्न आणि अंगमेहनतीचा थकवा यांनीही त्याचा उलगडा झाला नाही.

माणूस तोच, जमीन तीच, शिक्षण तेवढंच. गॅसवर दूध ठेवून दुसरं काम करणाऱ्याचं अर्धं लक्ष दुधाकडे असतं, तसं नडलेल्या माणसाचं मन सतत कुठल्या तरी देण्याकडे लागलेलं असतं. कुणाचे आधी द्यायचे, कुणाला थोपवायचं, दुकानदार उधारी बंद तर करणार नाही ना. हा हिशेब थांबवणं माणसाच्या हातात नसतं, आणि उरलेल्या मनाने बाकीचा संसार चालवायचा असतो. गरिबांना पैशाचं कळत नाही, ते वेंधळेपणा करतात, औषध वेळेवर घेत नाहीत असं चारचौघांत सर्रास बोललं जातं. हे बोलणं मला या आकड्यांनंतर ऐकवत नाही.

उसाच्या बिलाची वाट महाराष्ट्राला सांगायला नको. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला दर, चौदा दिवसांत द्यावी असा कायदा आहे, आणि बिल कधी निघणार ही चर्चाही प्रत्येक हंगामात आहे. पण मला जास्त आठवण येते ती बीडकडून फडावर जाणाऱ्या जोडप्यांची. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल हंगामाआधीच घेतलेली असते, आणि मग महिनोन्‌महिने तोडलेला ऊस त्या उचलीतून वळता होत राहतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. तमिळनाडूतल्या शेतकऱ्याच्या वर्षात निदान एक सुटकेचा काळ तरी असतो.

सगळीकडे असाच परिणाम दिसतो असं मात्र नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर चाचणी घेणारा लिआंद्रो कार्व्हालो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही. मला वाटतं, पगार येणारच हे ठाऊक असताना काढलेले चार दिवस आणि उसासाठी काढलेलं वर्ष यांत मोठं अंतर आहे. थोड्या दिवसांची ओढ मन पचवतं.

पण जी पचत नाही तिचं काय होतं? १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युअन यांनी दाखवलं की ताणाचं संप्रेरक उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन चिकटतं. हा भाग आठवणी घडवणारा. म्हणजे किडनीवरच्या इवल्या ग्रंथीतून निघालेला निरोप थेट स्मृतीच्या दारी पोचतो. पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने एक विलक्षण गोष्ट पाहिली. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. पण भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागातल्या फांद्या मात्र वाढल्या. एकाच ताणाने एका जागी छाटणी, दुसऱ्या जागी वाढ. नंतर २१ दिवस उंदरांना निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत होऊ शकतो, पण अमिग्डालातली वाढ ओसरली नाही आणि उंदीर बिचकतच राहिले. उंदरावरून माणसाबद्दल थेट बोलता येत नाही. तरी वाईट काळ सरल्यावरही ज्यांच्या जिवाचा घोर सरत नाही अशी माणसं आपल्या ओळखीत असतात, आणि हे वाचताना त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात.

याशिवाय एक सरळ रस्ता रक्तवाहिन्यांतून जातो. ताणाने रक्तदाब चढतो, झोप तुटते, बिडी-तंबाखू सुटत नाही, मधुमेहाची गोळी महिनाअखेरीस संपते ती पगार होईपर्यंत आणली जात नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्या हे सगळं सोसतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. कमी शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, बहिरेपण, खराब हवा ही त्यांतली काही. सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज. या यादीत गरिबीचं नाव नाही. पण यादीतली बहुतेक कारणं गरिबीच्या घरात एकत्र नांदतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला, तेव्हा हा विषय काही परक्या देशाचा राहिलेला नाही.

आता मला सगळ्यांत जास्त उमेद देणारे दोन प्रयोग. ओडिशाच्या खेड्यांत ४०८ मजुरांना हंगाम नसलेल्या दिवसांत पानांच्या पत्रावळी शिवण्याचं काम दिलं. सुप्रीत कौर, मुल्लइनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख यांचा हा प्रयोग. मजुरी नगावर, सर्वांना दर एकच. फरक इतकाच की काहींना कमावलेल्या मजुरीचा मोठा भाग शेवटची वाट न पाहता आधीच हातात दिला. एक पैसाही जादा नाही. त्यांनी लगोलग उधारी फेडायला सुरुवात केली. आणि पुढच्या दिवसांत त्यांच्या पत्रावळींची संख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली, जे जास्त गरीब त्यांच्यात जास्त. शिवणीतल्या दुर्लक्षाच्या चुकाही कमी झाल्या. पान तेच, हात तेच, डोक्यावरचं ओझं मात्र उतरलं होतं.

दुसरा प्रयोग सिंगापूरचा. तिथल्या एका धर्मादाय संस्थेने गरीब कुटुंबांची थकबाकी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत स्वतः भरून टाकली. छीयान ओंग, वॉल्टर थेसेइरा आणि आयरीन एनजी यांनी या कुटुंबांची आधी आणि नंतर चाचणी घेतली आणि २०१९ मध्ये निकाल मांडला. लक्ष देण्याची, चुका टाळण्याची क्षमता सुधारली, चिंता कमी झाली. पण खरी गंमत पुढे आहे. किती रक्कम माफ झाली यापेक्षा किती खाती पूर्ण बंद झाली याचा परिणाम जास्त दिसला. तेवढ्याच पैशांत ज्यांची जास्त देणी पुरती मिटली त्यांचं मन जास्त मोकळं झालं. प्रत्येक देणं, मग ते छोटं का असेना, मनात आपली वेगळी जागा अडवून बसतं.

अर्थशास्त्राचं पुस्तक सांगेल की सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा, आणि सावकारी व्याजाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण व्याजात फारसा फरक नसेल तर दुकानाची उधारी, विजेचं थकलेलं बिल, भिशीचा राहिलेला हप्ता, शेजाऱ्याचे उसने यांतली दोन-तीन देणी एकदाची संपवून टाकण्यात अर्थ आहे. बचत गटात, पतपेढीत, कर्जमाफीच्या योजनेत हिशेब लिहिणाऱ्याने 'एकूण किती' याच्या शेजारी 'किती ठिकाणी' हा रकाना आखायला हवा. आणि पन्नाशीतला माणूस आठवत नाही, सुचत नाही म्हणून दवाखान्यात आला, तर साखर आणि रक्तदाबाबरोबर डॉक्टरांनी हळू आवाजात हेही विचारावं, की देणी कुणाकुणाची आहेत आणि कधीपासून.