जमिनीत सापडलेलं धन कुणाचं? चिखलीच्या मोहरा आणि १८७८ चा कायदा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, मेटल डिटेक्टर कुठल्या कंपनीचा घ्यावा? ते दुकानदाराला विचारा. मी बोलणार आहे ते यंत्र वाजल्यानंतरचं. दुसऱ्याच्या जमिनीत काही सापडलं तर ते कुणाचं, आणि कुणाच्या वाट्याला किती?

उदाहरण आपल्याच गावचं घेऊ. २०२१ साली पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सोन्याची २१६ नाणी आणि कांस्याच्या भांड्याचा तुकडा ताब्यात घेतला. चिखलीत एका बांधकामाच्या जागी खोदकाम चालू असताना ती मजुरांना सापडली होती, आणि सापडल्याचं कुणाला कळवलं नव्हतं, अशी ती बातमी. एकूण वजन २,३५७ ग्रॅम. भागाकार करून बघा, एक नाणं साधारण १०.९ ग्रॅमचं येतं. मुघल मोहरेचं वजन एवढंच असायचं. नाणी १७२० ते १७५० च्या दरम्यानची, म्हणजे बादशहा मुहम्मद शाहच्या काळातली. तो गादीवर होता १७१९ ते १७४८. तेव्हा इथे पुण्यात पेशवाई होती. पण मराठी मुलखातही मुघल नाणी सर्रास चालत, आणि मोहर तर साठवून ठेवायचीच चीज. पोलिसांनी एका नाण्याची किंमत साठ-सत्तर हजार धरली होती. सगळी मिळून सव्वा कोटीच्या वर.

आता मुद्दा ऐका. या २१६ नाण्यांपैकी १६२ नाणी कायद्याने सापडवणाऱ्याच्या वाट्याला येऊ शकतात. शोधणारा मजूर असो नाहीतर इंजिनिअर, कायदा त्यात फरक करत नाही.

बऱ्याच जणांना हे पटत नाही. आपल्याकडे पक्की समजूत आहे की जमिनीत सापडलं की ते सरकारजमा. म्हणून माणूस गप्प बसतो, रात्री भांडं घरी नेतो आणि दोन नाणी सोनाराकडे घेऊन जातो. तिथून प्रकरण फुटतं. या समजुतीनेच माणसं गुन्हेगार होतात असं माझं मत आहे. कायद्याचं नाव भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. निखात म्हणजे पुरलेलं. कायदा इंग्रजांनी केला, पण आजही तोच लागू आहे.

हा कायदा म्हणतो की जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या भिंतीबिंतीत, लपवलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. त्या पत्रात काय सापडलं आणि अंदाजे किती किमतीचं, कुठे सापडलं, कुठल्या तारखेला सापडलं, एवढं असलं की झालं. मग वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात ठेवायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करतो म्हणून जामीन द्यायचा. ठेकेदाराला किंवा सरपंचांना तोंडी सांगितलं, म्हणजे कळवलं असं होत नाही.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. कुणाचा दावा असेल तर त्याने यावं. आणि ती सुनावणीची तारीख नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या पुढे नाही. एखादा म्हणाला की हे माझ्या आजोबांनी पुरलेलं आहे, आणि गेल्या शंभर वर्षांतलं ते असावं असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्याला दिवाणी कोर्टात जायला मुदत मिळते. तसं कुणीच निघालं नाही तर निधी बेवारस ठरतो आणि वाटणी होते. सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. आपल्या हिशेबात १६२ आणि ५४. सापडवणारा आणि मालक यांच्यात आधी करार झालेला असेल तर मात्र तो करार चालतो. सरकारला ती वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल तर सरकार घेऊ शकतं, पण धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन. म्हणजे लाखाच्या सोन्याला एक लाख वीस हजार. नाण्याचं संग्राहकाच्या बाजारातलं मोल याहून जास्त असू शकतं, आणि तिथे हा कायदा कंजूष आहे हे मान्य करू.

आणि कळवलं नाही तर? सापडवणाऱ्याचा सगळा वाटा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. लपवण्यात मालकाने साथ दिली तर त्याचाही वाटा जातो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चिखलीतला सगळा फरक एका पत्राचा आहे.

इंग्लंडमध्ये शेतात डिटेक्टर फिरवण्याचा छंद जोरात आहे. तिथे १९९६ च्या कायद्यानुसार वस्तू संग्रहालयाने घेतली तर बक्षीस बाजारभावाने मिळतं, आणि ते शोधणारा व शेतमालक यांच्यात सहसा निम्मं-निम्मं वाटलं जातं. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात सापडलेल्या सोन्याचं मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरलं, ते असंच वाटलं गेलं. आपल्याकडे मोल कमी, पण शोधणाऱ्याचा हिस्सा मोठा. असो.

आपल्या पट्ट्यात खरा घोळ होतो तो ‘मालक कोण’ इथे. शेतजमीन असेल तर सातबारा काढा. त्यावर चार भाऊ, दोन बहिणी, शिवाय इतर हक्कात कुणी तरी असतंच. यंत्र घेऊन जायचं तर एका भावाने मान हलवली एवढ्यावर जाऊ नका. सगळ्यांची लेखी परवानगी घ्या. चाकण एमआयडीसीत तर आणखी गंमत. तिथले प्लॉट बहुतेक पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले, जमीन महामंडळाची. कारखान्याच्या मॅनेजरने ‘या, शोधा’ म्हटलं तरी तो जागेचा मालक ठरत नाही. मालकीवर वाद झाला तर निधी अडकतो आणि दिवाणी कोर्ट सुरू. म्हणून कागद आधी करा: कोण शोधणार, कुठल्या गट नंबरात, कुठल्या तारखांना, काही निघालं तर वाटा किती, आणि कळवायचं कुणी. एका पानात मावतं.

रीतभात म्हणाल तर उभ्या पिकात शिरायचं नाही, खड्डा बुजवून यायचं. गेल्या वर्षी हरवलेली कुणाची अंगठी निघाली तर ती निधी नव्हे, ती ज्याची त्याला द्यायची. संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र नेऊच नका. आणि तळवडे, चिखली, देहूरोडच्या बाजूला तर जास्तच जपा. रेड झोन हा शब्द इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तो दारूगोळ्याच्या डेपोमुळेच आहे. सिग्नल मोहरेचाच असेल असं नाही. संशय आला की हात लावू नका, पोलिसांना बोलवा. गॅसची लाइन आणि विजेची केबल सांगायला नकोच.

भांडं दिसलं तर थांबा. उपसू नका, घासू नका. आहे तिथे फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवा. का, ते सांगतो. मुघल नाण्यांवर बहुधा टांकसाळ आणि राज्यवर्ष असतं. भांड्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं बघितलं की ते कधीच्या आधी पुरलेलं असणार नाही हे कळतं. त्यातली पाच जरी सोनाराकडे वितळली, आणि नेमकी तीच पाच उशिराची असली, तर तारीख कायमची गेली. सोनं राहतं, तारीख जाते.

‘गुप्तधन काढून देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल एकच वाक्य. त्यासाठीचे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहेत, मग बाबाच्या हातात लिंबू असो की डिटेक्टर.

प्रश्न आलाय: “जेसीबी चालवणाऱ्याला दिसलं, फावड्याने मजुराने काढलं, काम ठेकेदाराचं. सापडवणारा कोण?” चांगला प्रश्न. कायद्यात सापडवणाऱ्याची व्याख्या नाही. वस्तू कुणाला, कुठे, कशी सापडली याची चौकशी जिल्हाधिकारी करतात. माझ्या मते ज्याने ती प्रत्यक्ष उघडी केली आणि ओळखली, तो. ठेकेदार म्हणेल की माझ्या करारात सापडलेल्या वस्तूंचं कलम आहे. असेल, पण कायदा बोलतो तो सापडवणारा आणि जागेचा मालक यांच्यातल्या कराराबद्दल, आणि त्या कागदावर मजुराची सही नसते. म्हणून त्या दोघांनी मिळून, दोघांची नावं घालून, एकच पत्र द्यावं. दोघांपैकी कुणाला लिहिता येत नसेल तर साइटवरच्या कुणाकडून लिहून घ्यावं, अंगठा करावा, आणि कलेक्टर कचेरीत आवक शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी. ती प्रत जपून ठेवायची.