गाडीतील सबवूफरचे खोके : आधी हिशेब, मग करवत

गाडीत सबवूफर बसवून देणे हा आज अनेक तरुणांचा रोजगार आहे. गिऱ्हाईक वूफर आणि ॲम्प्लिफायर पारखून घेते. खोक्याचा विषय निघाला की मात्र 'सुतार बनवील अंदाजाने' असे म्हणून मोकळे होते. गफलत येथेच होते.

वूफरचा पडदा पुढे जसा आवाज फेकतो तसाच मागेही फेकतो. दोन्ही एकत्र आले की खालचे स्वर एकमेकांना मारतात. खोके मागचा आवाज कोंडून ठेवते आणि आतली हवा पडद्याला स्प्रिंगसारखा आधार देते. हवा कमी पडली तर स्प्रिंग कडक होते, खोल स्वर दबतो आणि नुसते घुमणे उरते.

हवा किती हवी, याचा हिशेब ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ साली मांडला. त्यांचे आकडे वूफरसोबतच्या कागदावर छापलेले असतात. सीलबंद खोक्यासाठी दोन पुरेत : व्हीएएस आणि क्यूटीएस. ०.७०७ ला क्यूटीएसने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करून त्यातून १ वजा करावा आणि जे उरेल त्याने व्हीएएसला भागावे. समजा व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.४५ आहे. उत्तर येते सुमारे ४१ लिटर.

आता माप. आतून ५० × ३० × ३० सेंटिमीटर म्हणजे ४५ लिटर. वूफरच्या मागच्या भागाने ३ लिटर आणि आतल्या आधारपट्टीने १ लिटर जागा घेतली, तर निव्वळ ४१ उरतात. पण सुताराने हेच माप बाहेरून धरले, तर १८ मिलिमीटरच्या एमडीएफची जाडी आत जाते आणि निव्वळ सुमारे २८ लिटरच हाती येतात. शिलाईत जाणारे कापड न धरता सदरा बेतण्यासारखेच हे! म्हणून बाहेरचे माप ५३.६ × ३३.६ × ३३.६ द्यावे. त्याआधी डिकी मोजावी. स्टेपनी किंवा सीएनजीची टाकी असेल तर ती जागा वगळावी.

फळ्या मशीनवर सरळ कापून घ्याव्यात. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर एमडीएफची कड फुटते. सांध्यांना भरपूर फेविकॉल आणि आतून सिलिकॉन लावावे. सिलिकॉन पूर्ण वाळल्याशिवाय वूफर बसवू नये. त्याच्या वाफेने वूफरचा गोंद खराब होऊ शकतो. खोके थोडे लहान झालेच, तर उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर सैल भरावा. त्याने खोके काही अंशी मोठे असल्यासारखे वागते.

नळीचे म्हणजे पोर्टचे खोके जास्त दणका देते, पण त्याचा हिशेब नाजूक असतो. ज्या स्वरावर नळी बेतलेली असते, त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही आणि जोरात वाजवल्यास वूफर निकामी होतो. नवशिक्याने सीलबंद खोक्यापासूनच सुरुवात करावी.

शेवटी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. बॅटरीच्या तारेला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तार कुठे घासली तर गाडी पेट घेऊ शकते. दुसरे, वूफरसह खोके वीस किलोच्या आसपास भरते. ते नुसते ठेवले, तर जोराच्या धडकेत मागच्या सीटवरच्या मुलांवर येऊ शकते. ते पट्टी-बोल्टने पक्के करावे; मात्र भोक पाडण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी किंवा गॅसची नळी नाही ना, हे वाकून पाहावे.

एमडीएफच्या आठ बाय चारच्या एका शीटमध्ये अशी दोन खोकी आरामात निघतात. चुकलेले खोके मात्र फळीही खाते आणि गिऱ्हाईकही. कागदावर घालवलेला अर्धा तास सर्वांत स्वस्त पडतो.